डॉक्टर डेव्हिड लिव्हिंगस्टन : आफ्रिका खंडातील सृष्टीचमत्कार व नाशिकचे तरुण

मृगाचा पाऊस नीट लागला म्हणजे मुरबाडकडील आपल्या लोकांस अंगणात उभे राहूनच सह्याद्रीचा कडा पांढऱ्या रेघांनी भरून गेलेला दिसतो. माळशेज घाटात तर एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत किती धबधबे कोसळतात ह्याची मोजदाद करिता येत नाही. नाणेघाटाच्या तोंडाशी ह्याहूनही नवल आहे. तेथे वारा असा जोराचा सुटतो की, कड्यावरून खाली पडणारे पाणी तो अर्ध्यातच उचलून पुन्हा वर उडवितो. हे देखावे आपण जन्मापासून पाहत आलो, म्हणून त्यांचे आपणांस फारसे कौतुक वाटत नाही. आवणीच्या दिवसांत मान वर करून कड्याकडे पाहावयास फुरसत तरी कोणास असते?

परंतु ज्याने आयुष्याची तीस वर्षे एका अफाट खंडातील नद्या, सरोवरे, वाळवंटे व धबधबे पायी हिंडून पाहिली, आणि जे पाहिले ते रोज रात्री वहीत टिपून ठेविले, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. डॉक्टर डेव्हिड लिव्हिंगस्टन हे त्यांचे नाव. ते नाव आपल्या मंडळ्यांत अपरिचित नाही. तथापि ह्या थोर पुरुषाचा आपल्या मुंबईशी व नाशिकशी निकटचा संबंध होता, आणि त्यांच्या अखेरच्या प्रवासात त्यांस साथ देणारे कित्येक तरुण आपल्याच शहापूरच्या वाटेने समुद्राकडे उतरले होते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नाही. म्हणून ती सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बालपण व शिक्षण

लिव्हिंगस्टन ह्यांचा जन्म स्कॉटलंड देशातील ब्लँटायर ह्या गावी 19 मार्च 1813 रोजी झाला. घरची अत्यंत गरिबी होती. दहाव्या वर्षी त्यांस कापसाच्या गिरणीत तुटलेले धागे जोडण्याच्या कामास लाविले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत गिरणी, आणि मग दोन तास रात्रीची शाळा, असा त्या मुलाचा दिनक्रम होता. पहिल्या मजुरीतून त्याने लॅटिन व्याकरणाचे पुस्तक विकत घेतले. यंत्रावर पुस्तक उघडे ठेवून येता जाता तो एकेक वाक्य वाची. गिरणीचा गोंगाट कानात असताना मन एकाग्र करण्याची जी सवय त्यांस लागली, ती पुढे रानात, माणसांच्या गलबल्यात लिहावयास बसताना त्यांच्या फार उपयोगी पडली.

थोर झाल्यावर उन्हाळ्यात गिरणीत काम करून हिवाळ्यात ग्लासगो शहरी वैद्यकाचे शिक्षण त्यांनी घेतले. चीन देशी वैद्य मिशनरी होऊन जावे असा त्यांचा मनोदय होता. परंतु त्याच सुमारास इंग्रजांनी चीनशी अफूचे युद्ध आरंभिले, व तो मार्ग बंद झाला. पुढे आफ्रिकेत काम करणारे रॉबर्ट मॉफट ह्यांची व त्यांची गाठ पडली. उत्तरेकडच्या मैदानात सकाळच्या वेळी असंख्य खेड्यांच्या चुलींचा धूर दिसतो व तेथे एकही मिशनरी पोहोचलेला नाही, हे मॉफटसाहेबांचे सांगणे त्यांच्या अंतःकरणात रुतले. 1840 साली वैद्यकाची सनद घेऊन ते जहाजात बसले, आणि 1841 च्या जुलैअखेर दक्षिण आफ्रिकेतील कुरुमान ह्या ठाण्यावर पोहोचले.

सिंहाचा पंजा व वाळवंटातील पाणी

पुढे माबोत्सा ह्या गावी त्यांनी वस्ती केली. त्या बाजूस सिंहांचा मोठा उपद्रव होता. 1844 साली गावकऱ्यांबरोबर शिकारीस गेले असता जखमी सिंहाने झेप घालून लिव्हिंगस्टन ह्यांचा डावा खांदा धरला, आणि मांजर उंदरास हालविते तसे त्यांस हालविले. त्या वेळी मेबाल्वे नावाच्या आफ्रिकी शिक्षकाने स्वतःच्या जिवाची पर्वा न करिता सिंहावर बंदूक रोखली. बार उडाला नाही, व सिंह डॉक्टरांस सोडून मेबाल्वेवर धावला व त्यास चावला. अखेर आधीच्या जखमांनी सिंह मेला व दोघेही वाचले. रानाच्या कडेस राहणाऱ्या व बिबट्याची भीती ठाऊक असलेल्या आपल्या लोकांस मेबाल्वेच्या धैर्याचे मोल सांगावयास नको. डॉक्टरांचे मोडलेले हाड मात्र वाकडे सांधले गेले. ही खूण वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

1845 च्या जानेवारीत मॉफटसाहेबांची कन्या मेरी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. कोलोबेंग येथे त्यांनी स्वतःच्या हातांनी घर बांधिले, पाट काढिले, शाळा घातली. तेथील क्वेना लोकांचा राजा सेचेले ह्याने 1848 साली बाप्तिस्मा घेतला. परंतु वर्षामागून वर्ष पाऊस पडेना, आणि नदी आटली. तेव्हा उत्तरेस पाणी व वस्ती असलेला देश आहे काय, हे पाहण्यासाठी 1849 साली दोन इंग्रज शिकारी मित्रांबरोबर ते कलहारीच्या वाळवंटात शिरले.

वाळवंट म्हणजे नुसती वाळू, असा आपला समज असतो. कलहारीत गवत आहे, झुडपे आहेत, हरणांचे कळप आहेत. नाही ते फक्त वाहते पाणी. पाऊस बरा झाला म्हणजे मैलच्या मैल रानटी कलिंगडांचे वेल पसरतात, व हत्तीपासून उंदरापर्यंत सर्व प्राणी त्यांवर तहान भागवितात. तेथील सान लोकांच्या स्त्रिया ओलसर वाळूत पोकळ बोरू खुपसून तोंडाने पाणी ओढतात, आणि शहामृगाच्या अंड्यांच्या कवट्यांत ते साठवून जमिनीत पुरून ठेवितात. उन्हाळ्यात डवरा खणून वाटी वाटीने पाणी भरणाऱ्या आपल्या पाड्यांवरील भगिनींस ह्या स्त्रियांचे कौशल्य व कष्ट दोन्ही कळतील.

दोन महिने चालल्यावर 1 ऑगस्ट 1849 रोजी न्गामी सरोवर त्यांच्या दृष्टीस पडले. ओकावांगो नावाची मोठी नदी समुद्रास न मिळता त्याच वाळवंटात पसरून जिरते, आणि तिच्या पुरावर हे सरोवर जगते. पूर आला तर सरोवर भरते, न आला तर त्याचे कोरडे मैदान होते. मागील शंभर वर्षांत असे अनेकदा घडले आहे. 1851 च्या ऑगस्टात ते आणखी उत्तरेस गेले व झांबेझी ह्या महानदीच्या काठी पोहोचले. खंडाच्या मध्यभागी एवढी नदी असावी हे तोवर युरोपातील नकाशांत कोणी दाखविले नव्हते.

वचन पाळणारा प्रवासी

1852 साली पत्नी व मुले ह्यांस केप टाऊन येथून विलायतेस पाठवून डॉक्टर पुन्हा झांबेझीकडे गेले. 1853 च्या नोव्हेंबरात मकोलोलो राजाने दिलेले 27 सोबती घेऊन ते पश्चिमेकडे निघाले, आणि तापाने वारंवार अंथरुणास खिळत, पुराच्या नद्या ओलांडीत, 31 मे 1854 रोजी समुद्रकाठच्या लुआंडा शहरी पोहोचले. त्या वेळी अंगात केवळ हाडे राहिली होती. बंदरात इंग्रजांची जहाजे उभी होती, व घरी नेण्यास ते तयारही होते. परंतु सोबत्यांस त्यांच्या गावी परत पोहोचविण्याचे वचन डॉक्टरांनी दिले होते. जहाज सोडून ते आल्या वाटेने पुन्हा रानात शिरले. हा एकच प्रसंग सांगितला तरी त्यांचे अर्धे चरित्र सांगितल्यासारखे होईल.

गर्जणारा धूर

1855 च्या नोव्हेंबरात शंभरावर माणसांसह ते झांबेझीच्या प्रवाहाने पूर्वेकडे निघाले. वाटेत एक चमत्कार आहे असे मकोलोलो लोक त्यांस पूर्वीपासून सांगत होते. त्याचे नाव मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गर्जणारा धूर. पाच-सहा मैलांवर असतानाच, रानास वणवा लागल्यासारखे धुराचे पाच खांब आकाशात चढलेले त्यांस दिसले. ते खांब धुराचे नव्हते, पाण्याच्या तुषारांचे होते.

धबधब्याच्या वरच्या बाजूस झांबेझी एक मैलाहून अधिक रुंद असून तिच्यात झाडीने भरलेली बेटे आहेत. नदी संथ वाहत येते आणि एकाएकी नाहीशी होते. जमिनीस एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चीर पडलेली आहे, आणि सबंध नदी त्या चिरेत उडी टाकते. रुंदी सुमारे 5,600 फूट व खोली सुमारे 350 फूट. आपल्या घाटातील धबधबा कड्यावरून मोकळ्या दरीत पडतो, व आपण खाली उभे राहून तो पाहतो. येथे तसे नाही. समोर हाकेच्या अंतरावर तेवढाच उंच दुसरा कडा आहे, व मध्ये पडलेल्या पाण्यास बाहेर जाण्यास एकच अरुंद खिंड आहे. त्यामुळे पाणी फुटून तुषार वर चढतात, व समोरच्या कड्यावरील रान बारमाही पावसाने भिजत राहते. पौर्णिमेच्या रात्री पूर असला तर ह्या तुषारांत चंद्राचेही इंद्रधनुष्य उमटते.

मकोलोलो नावाड्यांनी डॉक्टरांस होडीत घालून धबधब्याच्या अगदी ओठावरील एका बेटावर नेले. तेथे ते पोटावर निजून सरपटत काठापर्यंत गेले व खाली डोकावले. पुढे 1860 साली ते पुन्हा आले, तेव्हा बंदुकीच्या गोळ्या व पांढऱ्या कापडाचा तुकडा बांधलेली दोरी त्यांनी खाली सोडून खोली मोजली. त्या बेटावर त्यांनी जर्दाळू व पीच ह्यांच्या बिया व कॉफीचे दाणे लाविले होते. पाणघोड्यांनी ती बाग तुडविली. नवलाची गोष्ट ही की, पहिल्या भेटीत त्यांनी रुंदीचा जो अंदाज केला तो खऱ्याच्या जवळजवळ अर्धाच निघाला. प्रवासी सहसा पाहिलेले वाढवून सांगतात. ह्यांनी कमी सांगितले. शिवाय नोव्हेंबर हा त्या नदीस पाणी कमी असण्याचा काळ. तिचा पूर्ण भर मार्च-एप्रिलात असतो. त्यांनी धबधब्यास राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले, परंतु जुने नाव लोपले नाही. आज झाम्बिया देशाच्या बाजूचे राष्ट्रीय उद्यान त्याच नावाने ओळखिले जाते.

हा धबधबा कसा झाला असेल? भूगर्भशास्त्रवेत्त्यांनी त्याचा उलगडा केला आहे, व तो आपल्या लोकांस सहज समजेल. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी तेथे जमिनीतून शिलारस वाहिला व थिजून काळा पत्थर झाला. आपली माहुली, सिद्धगड, माळशेजचा कडा हीही अशाच थिजलेल्या शिलारसाची आहेत; मात्र ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. त्या पत्थरास तडे गेले, तड्यांत मऊ माती व दगड भरला, आणि नदीने तो मऊ भाग कोरून काढिला. एक चीर कोरून झाली की नदी वरची दुसरी चीर धरते. धबधब्याच्या खाली नागमोडी दऱ्या आहेत, त्या सर्व जुन्या धबधब्यांच्या जागा होत. तेव्हा कळसूबाईपासून नाणेघाटापर्यंत जो काळा दगड आपण पायाखाली तुडवितो, त्याच जातीच्या दगडात परमेश्वराने हा चमत्कार घडविला आहे.

1856 च्या मे महिन्यात ते पूर्व किनाऱ्यावरील केलिमाने बंदरी उतरले. पश्चिम समुद्रापासून पूर्व समुद्रापर्यंत आफ्रिका खंड ओलांडून त्याचा सविस्तर वृत्तांत सांगणारे ते पहिलेच युरोपीय होत.

चूक, शोक व न्यासा सरोवर

आता जे सांगावयाचे ते दुःखाचे आहे. परंतु चरित्रकाराने ते झाकू नये. झांबेझी ही खंडाच्या पोटात शिरण्याची देवाने मोकळी ठेविलेली वाट आहे, असे लिव्हिंगस्टन ह्यांनी विलायतेत सर्वांस सांगितले. पूर्वेकडे येताना नदीचा एक तुकडा त्यांनी आडवाटेने टाळिला होता. 1858 साली आगबोट घेऊन ते परत आले, तेव्हा नेमक्या त्या तुकड्यात काहोरा बासाच्या खडकाळ उतारांनी वाट अडविली. न पाहिलेल्या चाळीस-पन्नास मैलांवर त्यांनी भरवसा ठेविला होता. त्यांच्या शब्दावर विसंबून मध्य आफ्रिकेत आलेल्या मिशनरी कुटुंबांपैकी कित्येक जण तापाने मेले. मोहिमेतील सोबत्यांशी त्यांचे वारंवार खटके उडाले. स्वतःस जे सोसवते ते सर्वांस सोसवलेच पाहिजे, असे मानण्याचा त्यांचा स्वभाव होता. पत्नी मेरी पुन्हा त्यांजकडे आली व तीन महिन्यांतच, 27 एप्रिल 1862 रोजी, शुपांगा येथे तापाने वारली. एका मोठ्या गोरखचिंचेच्या झाडाखाली तिला पुरिले. मुलांच्या वाट्यास बाप फार थोडा आला, ह्याची खंत डॉक्टरांस पुढे जन्मभर राहिली.

ह्याच मोहिमेत, 1859 च्या सप्टेंबरात, शिरे नदीच्या वरच्या अंगास त्यांनी न्यासा सरोवर पाहिले. लांबी सुमारे 360 मैल. म्हणजे मुंबईपासून गोव्याच्याही पलीकडे पोहोचेल इतके. माशांच्या शेकडो जाती ह्या एका सरोवरात आहेत, व त्यांपैकी बहुतेक जगात इतरत्र कोठेही सापडत नाहीत. पाण्यावरून काळ्या धुराचे लोट चाललेले डॉक्टरांस दिसले. जवळ जाता ते चिलटांचे थवे निघाले! काठचे लोक ही चिलटे गोळा करून त्यांच्या वड्या भाजून खात.

परंतु त्याच काठावर दुसरेही काही दिसले. गुलामांचे तांडे मानेस लाकडी खोडा अडकवून समुद्राकडे हाकले जात होते. ज्या दरीत आदल्या वर्षी भरलेली शेते पाहिली, त्याच दरीत पुढल्या खेपेस ओसाड झोपड्या व नदीतून वाहणारी प्रेते त्यांनी पाहिली. 1861 च्या जुलैत असा एक तांडा त्यांच्या मंडळीने अडविला व दोऱ्या कापून सर्वांस मोकळे केले. त्या मोकळ्या झालेल्यांत चुमा नावाचा एक लहान मुलगा होता.

मुंबईस आगमन

सरकारने मोहीम परत बोलाविली. लिव्हिंगस्टन ह्यांजपाशी लेडी न्यासा नावाची स्वतःच्या पैशाने बांधविलेली लहान आगबोट होती. ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून ती मुंबईस विकण्याचे त्यांनी ठरविले, आणि स्वतःच सुकाणू धरून 30 एप्रिल 1864 रोजी ते झांझिबारहून निघाले. नदीकरिता बांधलेली ती नाव, सोबत तीन गोरे खलाशी व थोडे आफ्रिकी लोक, ज्यांपैकी बहुतेकांनी पूर्वी समुद्र पाहिलाही नव्हता. पंचेचाळीस दिवसांत अडीच हजार मैल तोडून 13 जून रोजी, मृगाच्या तोंडावर, ते मुंबई बंदरात शिरले. नाव इतकी लहान की ती आली हे बंदरात कोणास कळलेही नाही.

चुमा व वेकोटानी ह्या दोन मुलांस त्यांनी मुंबईत डॉक्टर जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत ठेविले, व पुढे तेथेच त्या दोघांचा बाप्तिस्मा झाला. नाव पुढल्या वर्षी निम्म्याहूनही कमी किमतीस विकली, आणि आलेले पैसे ज्या पेढीत ठेविले तीही बुडाली.

नाशिकचे तरुण

1865 साली डॉक्टर पुन्हा मुंबईस आले. नाईल नदीचा उगम शोधावा व गुलामांच्या व्यापाराची खरी स्थिती जगापुढे मांडावी, हा आता त्यांचा हेतू होता. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर ह्यांनी त्यांस पुष्कळ साहाय्य केले. सोबतीस माणसे पाहिजे होती, ती नाशिकने दिली.

अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून इंग्रजी आरमार जी आफ्रिकी मुले सोडवी, त्यांपैकी पुष्कळांस नाशिकजवळील शरणपूर ह्या ख्रिस्ती वसाहतीत आश्रय मिळे. तेथे त्यांस अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. आईबापांपासून ओढून नेलेली, स्वतःचे गावही नीट न आठवणारी ही मुले गोदावरीच्या काठी वाढली. त्यांपैकी नऊ तरुण डॉक्टरांबरोबर जाण्यास सिद्ध झाले. त्याच 1865 साली कसाऱ्याच्या घाटातून आगगाडी सुरू झाली होती. गाडीने यावे वा पायी, नाशिकहून मुंबईस जाणाऱ्यास घाट उतरून कसारा, खर्डी, आटगाव हा आपला शहापूरचा मुलूख ओलांडावाच लागतो. माहुलीचे सुळके डावी-उजवीकडे सरकताना त्या तरुणांच्या मनात काय आले असेल? ज्या भूमीतून साखळीने बांधून आणिले, तिकडेच ते आता आपल्या खुशीने चालले होते.

1866 च्या जानेवारीत मंडळी मुंबईहून निघाली. सर्वच टिकले असे नाही. हिंदी शिपाई मागे फिरले. जोहाना बेटाचे लोक पळाले व डॉक्टर मेल्याची खोटी बातमी त्यांनी पसरविली. नाशिकच्या तरुणांपैकी एक वारला व कित्येक सोडून गेले. परंतु एडवर्ड गार्डनर व मब्रुकी हे नाशिकचे दोघे, मुंबईत शिकलेला चुमा, आणि झांबेझीकडील सुसी व अमोडा असे पाच जण शेवटपर्यंत राहिले.

अखेरची सात वर्षे

ह्या प्रवासात डॉक्टरांनी टांगानिका सरोवराचे दक्षिण टोक पाहिले. लांबी सुमारे 420 मैल, व खोली सुमारे 4,800 फूट. कळसूबाईचे शिखर 5,400 फूट उंच आहे हे ध्यानात घेतले म्हणजे त्या खोलीची कल्पना येईल. सबंध पृथ्वीवर ह्याहून खोल सरोवर एकच आहे. पूर्व आफ्रिकेत जमीन हळूहळू दुभंगत आहे, व त्या भेगेत ही लांबट सरोवरे भरली आहेत. पुढे 1867 त म्वेरू व 1868 त बांगवेउलू ही सरोवरे त्यांस आढळली.

औषधांची पेटी चोरीस गेली होती. ज्या क्विनाइनने त्यांनी इतरांचे ताप हटविले, तेच आता त्यांजपाशी नव्हते. अन्नासाठी व वाटेसाठी गुलामांच्या व्यापाऱ्यांचाच आसरा घेण्याची पाळी त्यांजवर आली, आणि ह्या गोष्टीचा त्यांस मनस्वी त्रास होई. 15 जुलै 1871 रोजी लुआलाबा नदीकाठी न्यांग्वेच्या भरल्या बाजारात व्यापाऱ्यांच्या माणसांनी गोळ्या झाडिल्या व शेकडो लोक, त्यांत स्त्रिया फार, मेले वा नदीत बुडाले. डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले. त्यांचा वृत्तांत विलायतेस पोहोचला, तेव्हा लोकमत खवळून उठले. लुआलाबा हीच नाईल असावी असा त्यांचा समज होता. तो चुकीचा ठरला, ती काँगो नदी निघाली. पण न्यांग्वेची हकीकत नकाशापेक्षा अधिक मोलाची ठरली. तिच्यामुळे सर बार्टल फ्रीअर ह्यांस झांझिबारास पाठविण्यात आले, व 1873 च्या जूनमध्ये तेथील गुलामांचा बाजार बंद झाला.

1871 च्या अखेरीस उजीजी येथे अमेरिकेतील एका वृत्तपत्राचे बातमीदार हेन्री स्टॅन्ली ह्यांनी त्यांस शोधून काढिले, हे सर्वश्रुत आहे. घरी चलण्याचा त्यांचा आग्रह डॉक्टरांनी मानला नाही. स्टॅन्ली ह्यांनी किनाऱ्यावरून नवीन माणसे पाठविली, त्यांत पुन्हा नाशिकचे शिकलेले सहा तरुण होते. जेकब वेनराइट व मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यांपैकी होत.

मग बांगवेउलूच्या दलदलीतून अखेरची वाटचाल सुरू झाली. पाऊस थांबेना. जमीन कोठे संपते व पाणी कोठे लागते हे कळेना. आवणीच्या चिखलात जळवा लागतात तशा सर्वांच्या पायांस जळवा लागत. डॉक्टरांस रक्त पडू लागले, चालवेना; तेव्हा सोबत्यांनी त्यांस खांद्यावर व नंतर डोलीत घालून नेले. चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी त्यांच्यासाठी एक झोपडी बांधिली. 1 मे 1873 च्या पहाटे सोबती आत गेले तेव्हा, प्रार्थनेसाठी गुडघे टेकून अंथरुणावर डोके ठेविलेल्या स्थितीतच ते गतप्राण झालेले आढळले.

हजार मैलांची खांदेवाट

आता त्या सोबत्यांपुढे प्रश्न उभा राहिला. मालक मेला, मजुरी देणारे कोणी नाही, समुद्र हजार मैलांहून लांब, आणि प्रेत घेऊन गावातून जाऊ देण्यास लोक भितात. तेथेच मूठमाती देऊन घरी गेले असते तर त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु सर्वांनी विचार करून शव त्यांच्या देशी पोहोचविण्याचे ठरविले. काळीज काढून तेथेच एका झाडाखाली पुरिले, व नाशिकच्या जेकब वेनराइटने प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचिली, आणि झाडाच्या खोडावर नाव कोरिले. शरीर मीठ घालून चौदा दिवस उन्हात वाळविले, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळून शिडाच्या कापडात शिवले, व खांद्यावर घेतले.

नऊ महिने ते चालले. वाटेत एक इंग्रज अधिकारी भेटला व तेथेच पुरण्याची त्याने सूचना केली. त्यांनी ती नम्रपणे नाकारिली. 1874 च्या फेब्रुवारीत शव बागामोयो बंदरी आले. बहुतेकांस मजुरी चुकती करून तेथूनच निरोप देण्यात आला. लंडनमध्ये, सिंहाने मोडलेल्या त्या डाव्या हाताच्या वाकड्या सांध्यावरून, शव लिव्हिंगस्टन ह्यांचेच आहे अशी खात्री वैद्यांनी करून घेतली. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन झाले. तिरडी धरणाऱ्या मान्यवरांत जेकब वेनराइट हा एकटाच आफ्रिकी होता. सुसी व चुमा विलायतेस पोहोचले तेव्हा दफनविधी होऊन गेला होता. परंतु डॉक्टरांच्या शेवटच्या वह्या छापून निघाल्या, त्या ह्या दोघांच्या साहाय्याने. मॅथ्यू वेलिंग्टन 1935 पर्यंत मोंबासा येथे जगला.

ह्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध

लिव्हिंगस्टन ह्यांनी दाखविलेल्या वाटांनी पुढे जे लोक आफ्रिकेत शिरले, त्या सर्वांचे हेतू शुद्ध नव्हते. त्यांनी राज्ये बळकाविली व लोकांस नवीन जोखडाखाली आणिले. ह्याचा विसर पडू नये. तरीही ह्या पुरुषाचा एक गुण आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. सृष्टीचे सौंदर्य पाहून त्यांचे डोळे दिपले नाहीत. धबधब्याचे तुषार ज्या डोळ्यांनी टिपले, त्याच डोळ्यांनी मानेवरचा खोडाही टिपला. देवाची सृष्टी वाखाणावी आणि देवाच्या लेकरांकडे पाठ फिरवावी, असे त्यांच्याने झाले नाही.

आपल्या ठाणे जिल्ह्याची गोष्टही विचार करण्याजोगी आहे. पावसाळ्यात माळशेज पाहावयास शहरांतून झुंडीच्या झुंडी येतात. तानसा, भातसा ह्या शहापूरच्या जलाशयांची शोभा सर्व वाखाणितात. परंतु त्यांचे पाणी मुंबईस जाते आणि उन्हाळ्यात त्यांच्याच शेजारच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. लग्नासाठी कर्ज घेऊन आयुष्यभर सावकाराच्या घरी राबणारे लग्नगडी ह्याच जिल्ह्यात होते. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली खरी, तरी पावसाळ्यात उचल घेऊन दिवाळीनंतर बायकामुलांसह वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबास आपण खरोखर मोकळे म्हणू शकू काय? घाटाची शोभा पाहणाऱ्याने भट्टीचा धूरही पाहावा. आपल्या मंडळ्यांनी निदान अशा घरांतील मुलांची शाळा सुटू नये एवढी काळजी घेतली, तरी पुष्कळ होईल.

आणखी एक गोष्ट. जगाने लिव्हिंगस्टन ह्यांचे नाव शिळेवर कोरिले. खांदा देणाऱ्या साठ जणांची नावे कोणास माहीत? जेकब, गार्डनर, मब्रुकी ही आपल्या नाशिकची लेकरे. लहानपणी त्यांस कोणी विकले होते. मोठेपणी त्यांनी, कोणाचा हुकूम नसता, एका मृत मित्राचा भार हजार मैल वाहिला. स्वतंत्र मनुष्य कोणास म्हणावे ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पुढल्या वेळी कसाऱ्याची गाडी घाट उतरताना माहुलीचे सुळके दिसू लागले, म्हणजे वाचकांनी आपल्या मुलांस ह्या तरुणांची गोष्ट सांगावी, अशी आमची विनंती आहे.